गिटार घडवण्याची स्वस्त हत्यारे घरच्या घरी कशी करावीत

ॲकॉस्टिक गिटार स्वतः घडवावी असे ज्याला वाटते, तो लाकडापाशी सहसा अडत नाही. तो हत्यारांपाशी अडतो. साइड (गिटारच्या पोटाची कडेची भिंत) वाकवण्याचा विजेवर तापणारा पाइप, बॉडी चिकटवताना ती दाबून धरणारे तीसेक खास क्लॅम्प, लांब गळ्याचा जाडीमापक, फिंगरबोर्ड (तारा ज्यावर बोटांनी दाबतात ती फळी) सपाट करण्याची पट्टी अशी परदेशी दुकानांची यादी वाचून, तिच्यावर वाहतूक आणि आयातशुल्क मोजले की गिटारपेक्षा हत्यारांचाच खर्च कितीतरी पट होतो आणि बेत तिथेच मोडतो. मी पुण्यातल्या एका सदनिकेच्या बंद केलेल्या बाल्कनीत गिटार घडवत आलो आहे. यांतली बहुतेक हत्यारे बोहरी आळी, बुरूड आळी, भवानी पेठेतले टिंबर मार्केट आणि जुना बाजार यांच्या फेऱ्यांतून मिळणाऱ्या सामानावर उत्तम होतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र प्रत्येक हत्यार घरी करण्याचा हट्ट धरू नये. जे हत्यार केवळ दाबते किंवा धरून ठेवते, ते कितीही साध्या सामानातून केले तरी कामात उणेपणा येत नाही. जे हत्यार मोजते किंवा सपाटपणाचा आधार देते, तेही घरी करता येते, पण ते खरे आहे की नाही हे स्वतः तपासावे लागते. जे हत्यार कापते, म्हणजे रंधा, पटाशी आणि फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा पाडणारी करवत, त्यात मात्र शक्य तेवढे पैसे घालावेत.

सपाटपणाचा आधार

सर्वांत आधी एक खरोखर सपाट पृष्ठभाग आणि एक खरोखर सरळ पट्टी हवी, कारण पुढची सगळी मापे त्यांच्यावर उभी राहतात. स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंक बसवताना ग्रॅनाइटचा जो चौकोन कापून काढतात, तो यासाठी फार चांगला असतो. दगडकाम करणाऱ्यांकडे असे तुकडे पडून असतात आणि ते फारसे मोल न घेता देतात. तुकडा निवडताना पॉलिश केलेली बाजू पाहावी आणि कडा फुटलेल्या नाहीत ना ते तपासावे.

दगड तपासण्यापूर्वी पट्टी तपासावी. चांगल्या कंपनीची ६०० मिमीची पोलादी पट्टी घ्यावी, गुळगुळीत प्लायवर तिच्या कडेने टोकदार पेन्सिलीने किंवा सुरीच्या टोकाने रेघ ओढावी, मग पट्टी त्याच रेघेवर पलटी करून, म्हणजे तीच कड ठेवून तिचा पृष्ठभाग उलटा करून, दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकजीव झाल्या तर कड सरळ आहे. मध्ये फट दिसली तर पट्टीची चूक त्या फटीच्या निम्मी आहे, कारण पलटी केल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. या परीक्षेला कोणतेही उपकरण लागत नाही आणि ती कुणालाही फसवत नाही, म्हणून पट्टी विकत घेताना दुकानातच ती करून पाहायला संकोचू नये. पट्टी खरी ठरली की ती ग्रॅनाइटवर दोन्ही कर्णांवर आणि चारही कडांशी उभी धरून मागून बॅटरीचा प्रकाश टाकावा, आणि जिथे उजेड झिरपतो तिथे पतंगाच्या कागदाची पट्टी सरकवून पाहावी. कागद कुठेच मोकळा सरकला नाही, तर तो दगड गिटारच्या कामाला पुरेसा सपाट आहे.

फिंगरबोर्ड आणि फ्रेट समपातळीत आणण्याची घासपट्टी याच दगडावर तयार होते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडून २५ × ५० मिमी मापाच्या चौकोनी नळीचा सुमारे ५०० मिमी लांबीचा तुकडा घ्यावा. तो दगडाच्या कर्णापेक्षा लांब नसावा. ग्रॅनाइटवर १२० नंबरचा सँडपेपर दुहेरी टेपने चिकटवावा, नळीच्या एका बाजूवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि सगळ्या रेघा सारख्याच पुसल्या जाईपर्यंत ती घासावी. नंतर तिच्यावर सँडपेपर चिकटवला की घासपट्टी झाली. सँडपेपर कडांवरून दुमडू नये, कारण दुमडलेली कड फिंगरबोर्डच्या टोकांना जास्त खाते.

जाडीमापक

टॉपची, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीची, जाडी साधारण २.५ ते ३ मिमी आणि साइडची सुमारे २ मिमी ठेवायची असते. एवढ्या पातळ फळीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही आवाजात आणि मजबुतीत जाणवतो. साधे व्हर्निअर कॅलिपर फळीच्या कडेपाशीच पोहोचते, मध्यभागी पोहोचत नाही, म्हणून लांब गळ्याचा जाडीमापक आवश्यक आहे. माझ्या मते घरी केलेल्या हत्यारांत सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो.

१८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवून इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची चौकट कापावी. तिच्या गळ्याची खोली २५० मिमी असावी, म्हणजे ४०० मिमी रुंद टॉपच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. खालच्या बाहूच्या टोकाला गोलसर डोक्याचा बोल्ट वर तोंड करून घट्ट बसवावा. वरच्या बाहूत बरोबर त्याच्या समोर छिद्र पाडून १० मिमी चालीचा आणि ०.०१ मिमी मोजणारा डायल गेज, म्हणजे दांडीची हालचाल काट्यावर दाखवणारा मापक, बसवावा. असा जुना गेज यंत्रसामग्रीच्या भंगारात अनेकदा मिळतो. घेताना त्याची दांडी हळू दाबून सोडावी आणि काटा प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर परत येतो का ते पाहावे. येत नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. गेजचे टोक आणि बोल्टचे डोके एकमेकांना टेकवून शून्य लावावे, मग ३ मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा मध्ये धरून वाचन ताडून घ्यावे. बाहू जरासुद्धा लवचीक असतील तर वाचन हातागणिक बदलते, म्हणून त्यांची रुंदी ८० मिमीपेक्षा कमी ठेवू नये.

वापरताना फळीवर ५० मिमी अंतरावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत जाडी पेन्सिलीने लिहीत जावी. जिथे आकडा मोठा तिथे रंधा जास्त फिरवायचा, एवढे सोपे काम उरते.

साइड वाकवण्याचा पाइप

लाकूड वाकते ते उष्णतेने. पाणी केवळ ती उष्णता आत पोहोचवण्यास आणि लाकूड करपू न देण्यास मदत करते. ही गोष्ट नीट समजली नाही तर नवखा माणूस लाकूड तासन्‌तास भिजवून ठेवतो आणि तरीही ते मोडते.

दोन इंची म्हणून मिळणारा काळा लोखंडी पाइप घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे ६० मिमी असतो. पाणीपुरवठ्याचा चंदेरी जीआय पाइप कधीही घेऊ नये, कारण त्यावरचा जस्ताचा मुलामा फार तापला की त्यातून आरोग्याला घातक धूर निघतो. २०० ते २५० मिमी लांबीचा तुकडा कापून घ्यावा आणि वेल्डरकडून त्याच्या एका टोकाला चार भोके असलेली लोखंडी पट्टी जोडून घ्यावी. ही पट्टी टेबलाच्या कडेला पक्की बसवावी. पाइप आणि लाकडी टेबल यांच्यामध्ये सिमेंट शीटचा तुकडा ठेवावा आणि मोकळे अंतरही सोडावे. उष्णतेसाठी रंग खरवडण्याची हीट गन पाइपच्या एका तोंडातून आत फुंकेल अशी स्टँडवर पक्की करावी. दुसरे तोंड पूर्ण बंद करू नये, कारण हवा बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर गन स्वतःच तापून जळते. तिथे भोके पाडलेला पत्रा लावला तर हवा निघून जाते आणि बरीचशी उष्णता आत राहते.

पाइप पुरेसा तापला की नाही हे पाण्याच्या थेंबावरून ओळखावे. थेंब पसरून नुसता उकळत राहिला तर पाइप थंड आहे. तो गोळी होऊन नाचत निसटला तर काम सुरू करावे. आणि लाकडावर लगेच तपकिरी डाग उठला तर उष्णता कमी करावी. साइड दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, बाहेरच्या बाजूला पातळ पत्र्याची पट्टी धरावी म्हणजे तंतू उचकटत नाहीत, आणि फळी पाइपवर पुढे-मागे झुलवत हलका दाब ठेवावा. काही वेळाने लाकूड हाताखाली एकाएकी सैल पडते. तो क्षण हाताला कळला पाहिजे, आणि तो येईपर्यंत जोर लावू नये. शिसमासारखे लाकूड या बाबतीत पुष्कळ सहकार्य करते. तंतू वेडेवाकडे असलेले कोणतेही लाकूड पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नये. आधी त्याच लाकडाच्या २ मिमी जाडीच्या चार-पाच कातरणांवर हात बसवावा. जाड चामड्याचे हातमोजे घालावेत, पाण्याची बादली हाताशी ठेवावी आणि तापलेला पाइप सोडून खोलीबाहेर जाऊ नये.

दाबणारी हत्यारे

इथे काटकसर मनसोक्त करता येते. टॉपच्या दोन अर्ध्या फळ्या सांधताना महागडा बार क्लॅम्प लागत नाही. एका जाड प्लायवर दोन्ही फळ्या कागदावर ठेवाव्यात, एका बाजूला पट्टी खिळ्यांनी पक्की करावी, दुसऱ्या बाजूला थोडी तिरपी पट्टी ठोकावी आणि तिच्यात व फळीत समोरासमोर दोन पाचरी हलक्या हातोडीने सरकवाव्यात. सांधा वर उचलला जाऊ नये म्हणून त्यावर मेणकागद घालून वजन ठेवावे. पाचरीचा दाब हाताला कळतो आणि हवा तेवढाच देता येतो.

लायनिंग, म्हणजे टॉप आणि बॅक चिकटायला जागा देणारी साइडच्या आतली लाकडी पट्टी, साइडला चिकटवताना कपड्यांचे चिमटे वापरावेत, पण नुसत्या चिमट्याचा दाब अपुरा पडतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या सुमारे ८ मिमी रुंद चकत्या कापून प्रत्येक चिमट्याच्या जबड्याभोवती दोन वेढे घालावेत. एका गिटारीला ६० चिमटे तरी लागतात. प्लॅस्टिकचे चिमटे या ताणाने तुटतात, म्हणून लाकडीच घ्यावेत.

बॉडी बंद करतानाच्या फिरकी क्लॅम्पसाठी ६ मिमी जाडीचे, एक मीटर लांबीचे आटे पाडलेले रॉड आणावेत. प्रत्येकाचे २०० मिमीचे पाच तुकडे होतात, म्हणजे सहा रॉडमध्ये तीस क्लॅम्प. पडद्याच्या जुन्या जाड लाकडी दांड्याच्या, किंवा कातारीकडून ४० मिमी व्यासाचा दांडा करून घेऊन त्याच्या, २० मिमी जाड चकत्या कापाव्यात. मध्ये भोक पाडावे. लाकडाला टेकणाऱ्या बाजूला चपला शिवणाऱ्याकडचे चामड्याचे कातरण चिकटवावे. खाली साधा नट, वर वॉशर आणि विंग नट. ४० मिमीची चकती रॉडपासून सुमारे १७ मिमी आत पोहोचते, जे साइड आणि लायनिंग मिळून होणाऱ्या जाडीला पुरते. सगळ्या चकत्या एकाच बैठकीत कापाव्यात.

ब्रेस, म्हणजे टॉपला आणि बॅकला आतून बळकटी देणाऱ्या लाकडी पट्ट्या, चिकटवण्यासाठी वापरायचा कामट्यांचा माचा यांपेक्षा थोड्या सविस्तर विचाराने करावा. दोन समांतर फळ्या चार कोपऱ्यांतल्या १२ मिमीच्या रॉडवर एकावर एक उभ्या करायच्या, खालच्या फळीवर टॉप आणि ब्रेस ठेवायचे, आणि ब्रेस व वरची फळी यांच्यात कामटी वाकवून अडकवायची, अशी ही रचना आहे. बुरूड आळीतून चांगल्या वाळलेल्या बांबूच्या १२ मिमी रुंद आणि ५ ते ६ मिमी जाड कामट्या तासून घ्याव्यात. ब्रेसच्या माथ्यापासून वरच्या फळीपर्यंतचे अंतर ६०० मिमी असेल, तर कामटीची लांबी ६१५ ते ६२० मिमी ठेवावी. वाकून उभी राहिलेली कामटी जास्त वाकवली तरी तिचा दाब फारसा वाढत नाही. तो मुख्यतः तिच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि जाडीच्या घनप्रमाणात बदलतो. म्हणून ५ मिमीऐवजी ६ मिमीची कामटी सुमारे पावणेदोन पट जोर देते. अशा कामटीचा दाब साधारण ५ ते ८ किलोच्या आसपास भरतो. घरच्या वजनकाट्यावर ती उभी वाकवून प्रत्येकीचा आकडा पाहावा आणि फार वेगळ्या निघालेल्या कामट्या बाजूला काढाव्यात. २० कामट्या प्रत्येकी ७ किलोने दाबत असतील तर वरच्या फळीवर १४० किलोचा उलटा भार येतो, म्हणून तिला १८ मिमी प्लायचे दोन थर द्यावेतच. निसटलेली कामटी डोळ्यावर उडू शकते. चष्म्याशिवाय या माच्यापाशी उभे राहू नये.

बॅकला, म्हणजे गिटारच्या मागच्या फळीला, घुमटासारखा किंचित फुगीरपणा द्यायचा असेल तर माच्याच्या तळाशी खोलगट थाळा लागतो. राउटर (लाकूड कोरणारे यंत्र) नसताना तो असा करावा: ६०० मिमी व्यासाच्या प्लायच्या चकतीवर केंद्रापासून १००, २०० आणि ३०० मिमी अंतरावर गोल कडी चिकटवावीत, त्यांची उंची अनुक्रमे १.१, ४.४ आणि ९.८ मिमी ठेवावी आणि त्यांवर ३ मिमीचा हार्डबोर्ड मध्यभागी स्क्रूने खाली ओढून चिकटवावा. हे आकडे १५ फुटांच्या त्रिज्येसाठी आहेत. दुसरी त्रिज्या हवी असेल तर केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागावे. पहिल्या गिटारीसाठी मात्र हा थाळा आवश्यक नाही.

फ्रेटच्या खाचा

इथे हात आखडता घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रेटची पोटातली पात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते आणि तिला सुमारे ०.६ मिमीची खाच लागते. साध्या हॅक्सॉ ब्लेडची खाच त्याहून रुंद पडते, आणि मग फ्रेट सैल बसतात. पातळ, पाठ बांधलेली करवत विकत घ्यावी. तिचा सेट, म्हणजे दातांचा दोन्ही बाजूंना काढलेला कल, थोडा जास्त वाटला तर दातांच्या दोन्ही बाजू तेलाच्या दगडावर एक-दोनदा सपाट फिरवाव्यात आणि दर वेळी टाकाऊ लाकडात खाच पाडून फ्रेट ठोकून पाहावा.

करवतीला सरळ धरणारी पेटी मात्र घरीच होते. प्लायचा तळ, त्यावर काटकोनात उभ्या केलेल्या दोन लाकडी भिंती, आणि करवत दोन्ही भिंतींच्या कापात अजिबात न डुलता सरकेल एवढाच काप. गुण्या लावून तो तपासावा. करवतीच्या पाठीखाली पातळ पट्टी स्क्रूने बसवली तर खोली आपोआप मर्यादित राहते. खाचांची जागा आखताना प्रत्येक खाच मागच्या खाचेपासून मोजू नये, कारण चुका साचत जातात. सगळ्या नटपासून, म्हणजे फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, मोजाव्यात. स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, ६५० मिमी असेल तर ६५० ला १७.८१७ ने भागून पहिली खाच ३६.४८ मिमीवर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागून ते मिळवले की दुसरी ७०.९२ वर येते. अशा रीतीने बारावी बरोबर ३२५ मिमीवर पडली पाहिजे. ती तशी पडली नाही तर हिशेबात कुठेतरी चूक आहे, आणि ती करवत लावण्यापूर्वीच सापडलेली बरी.

नटमधल्या तारांच्या खाचांसाठी महाग कानशींऐवजी फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या संचातली, पातळ पोलादी पाती घ्यावीत आणि त्यांच्या कडेला तिकोनी कानशीने बारीक दात पाडावेत. गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या तारांचा संचही यासाठी चालतो.

हवेतली आर्द्रता

मी पहिल्या गिटारीचे ब्रेस जुलैमध्ये चिकटवले. एप्रिलमध्ये तिचा टॉप सांध्याशेजारी चिरला. पुण्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २५ टक्क्यांपर्यंतही उतरते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. फुगलेल्या टॉपला आडवा ब्रेस चिकटवला की उन्हाळ्यात टॉप आकसू पाहतो आणि ब्रेस त्याला आकसू देत नाही. म्हणून ब्रेस ४० ते ५० टक्के आर्द्रतेतच चिकटवावेत, आणि त्यासाठी कोरडे कपाट हे या यादीतले सर्वांत महत्त्वाचे हत्यार मानावे.

जुन्या लाकडी कपाटाच्या तळाशी ४० वॅटचा पिवळा फिलामेंटचा दिवा जाळीच्या पिंजऱ्यात, लाकडापासून दूर बसवावा आणि वर-खाली दोन छोटी छिद्रे ठेवावीत. २६ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण ४० टक्क्यांवर येते. टॉप, बॅक आणि ब्रेसचे लाकूड आठवडाभर आत उभे ठेवावे, काढून लगेच चिकटवावे, आणि सरस वाळला की परत आत ठेवावे. स्वस्त डिजिटल आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालावे, झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी मापकाने ७५ दाखवले पाहिजे. जो फरक असेल तो मापकाच्या पाठीवर लिहून ठेवावा.

याच्या जोडीला टॉपच्या कातरणातून एक पट्टी करावी: १.५ मिमी जाडीचा, आडव्या तंतूंचा एक तुकडा आणि तेवढाच उभ्या तंतूंचा दुसरा, दोन्ही एकमेकांना चिकटवून सुमारे २५० मिमी लांबीचे. हवा ओली झाली की ही पट्टी एका बाजूला वाकते, कोरडी झाली की दुसऱ्या. ती एका टोकाने भिंतीला लटकवावी, मागे कागद लावावा, मापक ४५ टक्के दाखवत असेल त्या दिवशी तिच्या मोकळ्या टोकाची जागा कागदावर आखून ठेवावी, आणि टोक त्या खुणेपाशी असेल तेव्हाच सरसाची बाटली उघडावी.